डेडस्टॉकमधली एमजी

सुरुवातीलाच एक प्रश्न. 'एमजी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?

मी हा प्रश्न होस्टेलमध्ये विंगभर फिरून विचारला. उत्तरे अशी आली : महात्मा गांधी रोड (दोन मते), मॅग्नेशियम (एक मत, अर्थातच केमिकलवाला), 'एम गुणिले जी, म्हणजे वजन' (हा पोरगा मेकॅनिक्सची केटी घेऊन बसलाय, त्याला झोपेतसुद्धा उतारावरचा ठोकळाच दिसतो), आणि बाकी सगळ्यांचं एकच उत्तर, हेक्टर!

हेक्टर हे उत्तर चूक नाही. २०१९ सालापासून ती गाडी गुजरातमधल्या हलोलला तयार होते. ब्रँडची मालकी चीनच्या साईक कंपनीकडे आहे आणि २०२४ पासून इथल्या कंपनीत आपल्या मुंबईचा जेएसडब्ल्यू समूहही भागीदार आहे. अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडलात की शेजारी एखादी तरी दिसतेच, नाकावर तो अष्टकोनी बिल्ला लावलेली. पण त्या बिल्ल्याला ज्यांनी किंमत मिळवून दिली त्या गाड्या वेगळ्याच होत्या. मला त्यातल्या एका गाडीबद्दल बोलायचं आहे. आणि बोलायचं अशासाठी की तिच्या घराण्यातली एक वस्तू आपल्याच कॉलेजमध्ये, ऑटोमोबाईल लॅबच्या मागच्या भिंतीला टेकून उभी आहे, आणि ती भंगारात जाण्याच्या बेतात आहे. लेख संपल्यावर तुमच्याकडे एक सही मागणार आहे. आधीच सांगून ठेवतो, नंतर फसवलं म्हणू नका.

तर गाडीचं नाव एमजीबी जीटी. १९६२ साली इंग्लंडमध्ये एमजीबी नावाची उघडी टू-सीटर आली. इंग्लंडच्या पावसात उघडी गाडी म्हणजे हौसच. म्हणून १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये तिला पक्कं छप्पर घालून, मागे वर उघडणारा दरवाजा देऊन जी आवृत्ती काढली ती जीटी. छपराची रेषा इटलीच्या पिनिनफरिनाने आखली. फोटो बघितलात तर कळेल, समोरच्या काचेपासून शेपटीपर्यंत एकच उतार जातो आणि कुठेही अडखळत नाही. माझ्या कपाटाच्या दारावर तो फोटो गेली दोन वर्षे आहे. ज्याने मला तो दिला तो सिनियर पास होऊन बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये गेला. फोटो मात्र मेकॅनिकलमध्येच राहिला.

जीटी म्हणजे ग्रान तुरिस्मो. आता आपल्याकडे कुठल्याही हॅचबॅकच्या ढुंगणावर जीटी लिहितात, पण मूळ अर्थ साधा आहे. लांबचा प्रवास मजेत करायची गाडी. रेसिंग कार पळते पण माणसाची कंबर मोडते, सलून गाडी आराम देते पण चालवणाऱ्याला झोप येते. जीटीमध्ये दोन माणसं, मागे त्यांच्या बॅगा, आणि शेवटच्या किलोमीटरलाही उतरावंसं वाटू नये अशी बैठक. आपल्या भाषेत सांगायचं तर पहाटे साडेपाचला भिवंडी बायपासवरून निघायचं, कसारा घाट गाणी म्हणत चढायचा आणि नाशिकला मिसळ खायची. (साडेपाच एवढ्यासाठी, की सात वाजले की कंटेनरवाले तुम्हाला ग्रान तुरिस्मो सोडाच, तिसरा गिअरसुद्धा टाकू देत नाहीत.)

अशा गाड्या तेव्हा श्रीमंतांच्या असायच्या. ॲस्टन मार्टिन वगैरे. एमजीबी जीटी साधारण हजार पौंडांत मिळायची. म्हणून तिला 'गरिबाची ॲस्टन मार्टिन' म्हणायचे.

इथे माझ्या रूम पार्टनरचा आक्षेप नोंदवतो, नाहीतर तो मला मेसमध्ये जेवू देणार नाही. त्याचं म्हणणं, ब्रिटिश जीटीवर लिहायचंच तर जग्वार ई-टाईपवर लिही! १९६१ ची ती गाडी, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने संग्रहात ठेवलेली. शिवाय २००८ पासून जग्वार टाटांची, म्हणजे त्या गाडीच्या खानदानाचे आजचे मालक फोर्टमध्ये बॉम्बे हाऊसला बसतात, इथून पन्नासेक किलोमीटरवर. मुद्दा बिनतोड आहे. ई-टाईप जास्त सुंदर आहे हेही मला मान्य. पण ई-टाईप बघून मला फक्त बघावंसं वाटतं. एमजीबी बघून बॉनेट उघडावंसं वाटतं. माझा सगळा लेख या फरकावर उभा आहे.

कारण बॉनेट उघडलं की काय दिसतं? आपल्या लॅबमधलं इंजिन!

नीट सांगतो. विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डमधला सायकल दुरुस्त करणारा माणूस. पुढे मोटारी बनवायला लागला, त्या मॉरिस. त्याचं गाड्या विकायचं दुकान होतं मॉरिस गॅरेजेस. तिथला मॅनेजर सेसिल किंबर साध्या मॉरिस गाड्यांवर स्पोर्ट्स बॉडी चढवून विकू लागला. १९२४ पासून एमजी हे नाव, मॉरिस गॅरेजेसची अद्याक्षरे. १९५२ साली मॉरिसचा सगळा पसारा ऑस्टिनमध्ये विलीन होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झालं. ऑस्टिनकडे बी-सिरीज नावाचं एक दणकट चार सिलिंडरचं इंजिन होतं. ते मग घरातल्या सगळ्यांना वाटलं गेलं. मॉरिस ऑक्सफर्ड या सभ्य कौटुंबिक गाडीला, आणि १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स कारलाही. दोन्हीकडे १४८९ सीसी.

आता मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री म्हणजे कोण, ते ऑटोमोबाईलवाल्यांना सांगायला नको. १९५७ साली हिंदुस्तान मोटर्सने ती बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनवायला घेतली आणि नाव ठेवलं ॲम्बेसिडर. पहिली दोनेक वर्षे तिच्यात जुनं साईड व्हॉल्व्ह इंजिन होतं, नंतर १४८९ सीसीचं हेच बी-सिरीज आलं. म्हणजे तहसीलदार ऑफिसच्या आवारात झाडाखाली उभी असायची ती पांढरी ॲम्बेसिडर आणि इंग्लंडमधली तरुण पोरं ज्या गाडीसाठी पगार साठवायची ती एमजीए, या दोघींचं काळीज एकच. एमजीएला दोन कार्ब्युरेटर आणि चढं कॉम्प्रेशन देऊन त्यातून सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर काढली, आपल्याकडे एक कार्ब्युरेटर लावून पन्नाशीच्या आसपास. एकाच आईची दोन पोरं, एक नाटकात गेला आणि एक पीडब्ल्यूडीत लागला!

एमजीबीसाठी त्यांनी काय केलं? कॅल्क्युलेटर काढा. १४८९ च्या इंजिनाचा बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी. एमजीबीच्या इंजिनाचा बोअर ८०.२६ मिमी, स्ट्रोक तोच ८८.९. पाय डी स्क्वेअर बाय फोर, गुणिले स्ट्रोक, गुणिले चार. उत्तर १८०० सीसीच्या जवळ येतं (छापील आकडा १७९८). स्ट्रोकला हात न लावता नुसता बोअर वाढवला. पुढे तीनऐवजी पाच मेन बेअरिंग दिले, म्हणजे क्रँकशाफ्ट जास्त आरपीएमला लचकायचा थांबला. जीटीला पहिल्यापासून पाच बेअरिंगवालंच मिळालं. हॉर्सपॉवर ९५, वेग ताशी शंभर मैलांच्या थोडा वर. हे आम्हाला टीओएमच्या लेक्चरला कोणी सांगितलं असतं तर मी मागच्या बाकावर झोपलो नसतो. असो.

गंमत अशी की तांत्रिकदृष्ट्या ही गाडी नवी असतानाच जुनी होती. मागे सरळ ॲक्सल आणि पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. तेच पाटे, जे आपल्या टेम्पोला असतात! शॉक ॲब्सॉर्बर जुन्या लिव्हर पद्धतीचे. इंजिनाचं हेड लोखंडी, इनटेकचे दोन-दोन सिलिंडर एकाच भोकातून श्वास घेणारे. ई-टाईपला तेव्हा मागची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर होती. म्हणजे स्पेसिफिकेशनच्या परीक्षेत एमजीबी जेमतेम पास क्लास. १९७४ मध्ये अमेरिकेच्या नियमांसाठी तिला काळे रबरी बंपर लावून वर उचलली, तेव्हा तर रूपही गेलं. १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडला. तोपर्यंत सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखांच्या वर एमजीबी बनल्या होत्या.

एवढी साधी गाडी साठ वर्षांनंतरही लोक का सांभाळतात? इंग्रजी मासिके याचं उत्तर 'कॅरेक्टर' असं देतात. मला ते पटत नाही. कॅरेक्टर म्हणजे ज्याचं माप घेता येत नाही ते, आणि आपण इंजिनिअर आहोत. काहीजण म्हणतात जुन्याची ओढ. पण ती असती तर पन्नाशीच्या पुढच्यांनाच असायला हवी होती. मी विशीतला आहे, भिवंडीत राहतो, मी ती गाडी रस्त्यावर एकदाही पाहिलेली नाही. मला कसली आठवण येणार?

माझं उत्तर मला गेल्या सत्रात लॅबमध्ये मिळालं. इथे थोडा वेळ थांबतो, कारण हीच खरी गोष्ट आहे.

आपल्या ऑटोमोबाईल लॅबच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये एक नोंद आहे. 'इंजिन, पेट्रोल, चार सिलिंडर, स्टँडसह, नग एक.' बस्स. लॅबच्या मामांनी सांगितलं की ते ॲम्बेसिडरचं आहे, कधीतरी स्टँडवर बसवलं, काही वर्षे मुलांना दाखवलं, मग बंद पडलं आणि तसंच राहिलं. आम्ही चौघांनी ठरवलं की मिनी प्रोजेक्ट म्हणून हे चालू करायचं. सरांनी हसून परवानगी दिली. त्या हसण्याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला नाही.

पहिले दोन शनिवार इंजिन फिरलंच नाही. क्रँक पुलीच्या नटला पाना लावून दोघं लोंबकळलो, ढिम्म. मामा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "ओढू नका रे पोरांनो, रिंगा तुटतील. प्लग काढा, ऑइल सोडा आणि घरी जा." चारही भोकांतून ऑइल सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्या शनिवारी एका हाताने फिरलं. मामांनी प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायला लावला. मी पुली फिरवली तसा अंगठा फट्‌ करून उडाला. "ही तुमची कॉम्प्रेशन टेस्ट," मामा म्हणाले. मित्रांनो, मी कॉम्प्रेशन रेशोचा फॉर्म्युला अकरा वेळा पेपरात लिहिला असेल. तो अंगठ्याला पहिल्यांदाच कळला.

मग डेल्को. (मी कॉन्व्हेंटचा, पुस्तकी डिस्ट्रिब्युटर म्हणत होतो. मामांना कळेना. "डेल्को म्हण ना!" म्हणाले. गॅरेजमध्ये सगळे डेल्कोच म्हणतात हे मला विसाव्या वर्षी कळलं.) आतले पॉइंट हिरवे पडले होते. पॉलिश पेपरने घासले, फीलर गेजने पंधरा थाऊ गॅप लावला. मग मी मोठ्या ऐटीत फायरिंग ऑर्डर पाठ म्हणून वायरी जोडल्या, १-३-४-२. सलाईनच्या बाटलीत पेट्रोल भरून ती खिळ्याला टांगली, बॅटरी लावली, सेल्फ मारला. कार्ब्युरेटरमधून असा फटाका वाजला की आमच्यातला एकजण थेट फिटिंग सेक्शनमध्ये जाऊन उभा राहिला!

दोन तास शोधलं. प्लग बदलले, टायमिंग हलवलं, एकमेकांच्या अकलेवर बोललो. शेवटी मामा आले, डेल्कोचं झाकण काढलं आणि म्हणाले, "तू फिरव." मी पुली फिरवली. "रोटर कुठं चाललाय बघ." रोटर उलटा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरत होता. मी वायरी घड्याळाप्रमाणे लावल्या होत्या. कागदावर काढून बघा : एक आणि चार बरोबर जागी, दोन आणि तीनची अदलाबदल. म्हणजे निम्मं इंजिन बरोबर वेळी पेटत होतं आणि निम्मं भलत्याच वेळी. फायरिंग ऑर्डर पाठ असून उपयोग काय, ती कुठल्या दिशेने वाचायची ते बघितलंच नव्हतं.

दोन वायरी बदलल्या. सेल्फ मारला. इंजिन चालू झालं.

रेडिएटर नाही, सायलेन्सर नाही. जास्त वेळ चालवणं शक्यच नव्हतं. चाळीस सेकंद चाललं असेल. आवाज ॲडमिन बिल्डिंगपर्यंत गेला असं नंतर कळलं. निळा धूर, काचा थरथरताहेत, आणि मामा कानाजवळ हात धरून म्हणताहेत, "तीन नंबरचं टॅपेट वाजतंय." मग त्यांनीच चावी बंद केली. त्या दिवशी आम्ही मेसमध्ये दोन तास तेच तेच बोलत बसलो होतो.

एमजीबीचं गुपित मला वाटतं हेच आहे. वीस वर्षांच्या, फारसं काही न येणाऱ्या पोरांना चार शनिवार, एक पाना संच आणि एक अनुभवी माणूस मिळाला तर त्या गाडीचं काळीज चालू करता येतं. चूक झाली तर ती डोळ्यांनी दिसते. रोटर कुठल्या दिशेने जातोय हे झाकण काढलं की कळतं, त्यासाठी स्कॅनर लागत नाही आणि कंपनीचा पासवर्डही लागत नाही. इंग्लंडमध्ये अशी लाखो पोरं झाली असणार. पहिल्या पगारात सेकंडहँड एमजीबी घेतली, रविवारी घराच्या दारात खोलली, पुढच्या रविवारी बसवली. जी गाडी आपण स्वतः बसवली ती भंगारात द्यायला हात धजावत नाही. पाच लाख गाड्या असल्यामुळे पार्ट संपत नाहीत. पार्ट मिळतात म्हणून लोक सांभाळतात, आणि लोक सांभाळतात म्हणून पार्ट बनवणं परवडतं. हे चक्र इतकं जोरात फिरलं की १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्या डाय आणि साच्यांवर एमजीबीचा अख्खा नवा बॉडीशेल बनवायला घेतला. गंजलेली गाडी असेल तर नव्या शेलमध्ये तिचं इंजिन, ॲक्सल, सीट बसवा आणि चालवा. कारखाना बंद होऊन आठ वर्षे झालेल्या गाडीची नवी बॉडी विकत मिळते, याची कल्पना करा! सरकारही आडवं येत नाही. तिथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स माफ असतो.

मग ॲम्बेसिडरचं असं का झालं नाही? तीही साधी, तीही कुठेही दुरुस्त होणारी, आणि बनली किती काळ, १९५७ ते २०१४! एमजीबीच्या तिप्पट आयुष्य. तरी २०१७ मध्ये तिचं नाव ऐंशी कोटींना प्यूजोला विकलं गेलं आणि आपण बातमी वाचून पान उलटलं. कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीवर प्रेम करणारे आहेत, काही घरांतून आजोबांची गाडी जपलेली असते, हे मला माहीत आहे. पण बहुसंख्य ॲम्बेसिडर या कोणाच्या नव्हत्याच. त्या खात्याच्या होत्या. साहेब बदलला की गाडी तीच, ड्रायव्हर तोच. एमजीबी माणसाने स्वतःच्या पैशाने, घरच्यांच्या शिव्या खाऊन, हौसेने घेतलेली असायची. ॲम्बेसिडर अलॉट व्हायची. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करायचा नियम आला, तेव्हा आवारात उभ्या असलेल्यांपैकी कितींसाठी कोणी रडलं असेल?

गैरसमज नको. तो नियम मला चुकीचा वाटत नाही. आमच्या इंजिनाने चाळीस सेकंदांत लॅबभर जो धूर केला तो बघता अशा हजारो गाड्या रोज रस्त्यावर असाव्यात असं शहाणा माणूस म्हणणार नाही, आणि भिवंडीच्या हवेत आणखी धूर नकोच. जपायचं म्हणजे सगळं जपायचं नव्हे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, पण रोज वापरायची नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीला न्यायची. हे मला बरोबर वाटतं. फक्त नव्या नोंदणीची फी वीस हजार आहे. म्हणजे हौस पुन्हा श्रीमंतांचीच.

आणि आपल्याकडे हौस कोणी केलीच नाही असंही नाही. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हन या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर फायबरची टू-सीटर रोडस्टर बनवली. इंजिन कुठलं घेतलं असेल? नंतरच्या ॲम्बेसिडरमध्ये यायचं ते १.८ लिटरचं इसुझू! म्हणजे किंबरने ऑक्सफर्डच्या दुकानात जे केलं, साध्या गाडीचं इंजिन घेऊन मजेची गाडी, तेच कोकणात झालं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. सरकारी ॲम्बेसिडरच्या पोटात एक एमजी दडलेली आहे हे मला एकट्यालाच वाटत नव्हतं तर!

भिवंडीकरांना तरी हे वेगळं सांगायला नको. आपल्या गावात अजूनही रात्री खिडकी उघडली की मागांची खटखट ऐकू येते. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचं काम इकडे वळलं आणि गिरण्यांनी निकालात काढलेले मागसुद्धा इथे येऊन पुन्हा उभे राहिले. साधे धोट्याचे माग, नव्या शटललेस मशिनच्या पुढे अगदी मागासलेले. पण ते चालले, कारण गल्लीत जॉबर होता. जॉबरला आवाजावरून कळतं काय बिघडलंय, जसं मामांना तीन नंबरचं टॅपेट कळलं. अलीकडच्या मंदीत कितीतरी माग किलोवर भंगारात गेले आणि त्या शेडची गोडाऊनं झाली. मी त्यावर मत द्यायला मालक नाही आणि कामगारही नाही. एवढंच दिसतं की माग गेला की जॉबरही जातो, आणि त्याच्या कानात जे होतं ते कोणी लिहून घेतलेलं नसतं.

आता आपल्या कॉलेजचं. लॅबची जागा इव्ही लॅबला हवी आहे, म्हणून राइट-ऑफ करायच्या वस्तूंची यादी बनते आहे आणि त्यात 'इंजिन, पेट्रोल, नग एक' आहे. सरांच्या हसण्याचा अर्थ हा होता. सरांचं म्हणणं मी त्यांच्याच केबिनमध्ये ऐकून घेतलं आणि ते सरळ आहे. जागा कमी, ॲक्रेडिटेशनची कमिटी येणार, सिलॅबसमध्ये कार्ब्युरेटर आता नावालाच, प्लेसमेंटला कोणी पॉइंट गॅप विचारत नाही. शिवाय उघडं इंजिन विनापरवानगी चालवलं म्हणून आम्हाला जी तंबी मिळाली ती मिळायलाच हवी होती. एकाचा शर्ट पुलीत अडकला असता तर?

इव्ही लॅबला माझा विरोध नाही, उलट मला तिथे प्रोजेक्ट करायचा आहे. पण इव्हीचा कंट्रोलर आमच्यापुढे ठेवाल तेव्हा तो सीलबंद डबा असेल. आत काय होतं ते स्क्रीनवर आकड्यांत दिसेल आणि आम्ही ते आकडे जर्नलमध्ये उतरवू. पहिल्या वर्षाच्या पोराला आयुष्यात एकदा तरी असं मशीन हाताळायला मिळावं ज्याची प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघता येते आणि ज्याच्याशी चूक केली तर ते तोंडावर फटाका वाजवून सांगतं. त्यासाठी नव्वद हजारांचा ट्रेनर किट विकत घ्यायची गरज नाही. तो आपल्याकडे आहे, डेडस्टॉकमध्ये.

मागणी मोठी नाही. यादीतून एक ओळ काढायची. वर्कशॉपच्या मागच्या पडवीत सहा बाय चार फूट जागा. पुलीला जाळीचं गार्ड, एक जुना रेडिएटर, एक सायलेन्सर. वेल्डिंग आम्ही चौघं करू आणि खर्चाचे पैसे विंगमध्ये वर्गणी काढून अर्धे जमलेसुद्धा आहेत. मामा पुढच्या वर्षी रिटायर होताहेत. तोपर्यंत दर शनिवारी दुपारी ते फर्स्ट इयरच्या मुलांना शिकवायला तयार आहेत, त्यांनी तोंडी कबूल केलंय. मी त्यांना विचारलं, "मामा, तुम्ही सांगाल ते मी लिहून घेऊ का?" तर म्हणाले, "लिही, पण डेल्को लिही, ते दुसरं काहीतरी लिहू नको."

अर्ज मेसच्या नोटीस बोर्डाखाली, वेटिंग लिस्टच्या रजिस्टरशेजारी ठेवला आहे. आतापर्यंत एकसष्ट सह्या आहेत, त्यातल्या दोन स्टाफच्या. रूम पार्टनरनेही केली आहे, नावापुढे कंसात 'ई-टाईपचा समर्थक' असं लिहून. इंजिन बघायचं असेल तर लॅबची किल्ली मामांकडे असते. साडेपाचच्या आत या, त्यांना एसटी गाठायची असते.